वजनकाट्यावर मैदानाचा निकाल लागत नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफचा बालपोषणावरचा अहवाल आला आणि जगात कमी वजनाच्या मुलांपेक्षा लठ्ठ मुले जास्त झाली, ही बातमी दोन दिवसांत सगळीकडे पोहोचली. ५ ते १९ वयोगटात लठ्ठपणा ९.४ टक्के, कमी वजन ९.२ टक्के. लगेच नेहमीची धावपळ सुरू झाली. मोबाईल काढून घ्या, शाळेत कवायत सक्तीची करा, गावातली मुलेही आता सुटायला लागली आहेत. समोरून तितक्याच तावातावाने उत्तर आले: आमच्या पोरांच्या बरगड्या मोजता येतात आणि तुम्ही लठ्ठपणाच्या गप्पा काय मारता? लठ्ठपणाने कमी वजनाला मागे टाकण्याला दोनच प्रदेश अपवाद आहेत, सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका आणि दक्षिण आशिया, असे त्याच अहवालात लिहिले आहे. पहिल्या बाजूने ते वाचलेच नाही आणि दुसऱ्या बाजूने तेवढेच वाचले.

गंमत अशी की या दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे. खेळ हा वजन उतरवण्याचा उपाय आहे, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. म्हणून एक म्हणतो, मुले जाड होत आहेत, त्यांना पळवा. दुसरा म्हणतो, मुले बारीकच आहेत, पळवायचे कशाला? हे गृहीतकच चुकीचे आहे असे माझे म्हणणे आहे. ग्रामीण शाळेतल्या प्रत्येक मुलाला, बारीक असो वा अंगाने भरलेले, रोज दम लागेल असा खेळ मिळायला हवा आणि तो मिळतो की नाही हे किलोत मोजू नये. त्याचबरोबर, खेळाची मागणी ताटातल्या अन्नापासून वेगळी काढली की दोन्ही मागण्या लंगड्या पडतात.

विरोधकांचा सर्वात भक्कम मुद्दा आधी मान्य करू. २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयाची २३ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश निघाली आणि जास्त वजनाची अवघी ४ टक्के. १० ते १९ वयात हेच आकडे २४ आणि ५. कृश मुले जाड मुलांच्या पाचपट असताना सरकारी फलकांवर जाड मुलाचे चित्र रंगवणे हा शहरी चष्मा आहे, यात वाद नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितले. ते चांगलेच आहे, पण खिचडीच्या दुसऱ्या वाढपासाठी रांग लागते त्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा तो पहिला प्रश्न नव्हे.

दुसऱ्या बाजूचेही काही खरे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या १.९ टक्के मुलांचे वजन जास्त होते, पाचव्या फेरीत (२०१९ ते २१) ते ४.१ टक्के झाले. आकडा लहान, पण दुपटीहून अधिक वाढलेला. त्याच काळात खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, ३४.४ वरून ३५.२ वर गेला, म्हणजे जुने दुखणे बरे न होताच नवे आले. शाळेच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटे माळेसारखी लटकत असतात. त्यांत १०० ग्रॅमला साधारण ५०० ते ५५० किलोकॅलरी असतात, म्हणजे १५ ग्रॅमच्या चिमुकल्या पाकिटात ऐंशीच्या आसपास. २५ किलोचे मूल अर्धा तास पळापळीचा खेळ खेळले तर तेवढीच ऊर्जा खर्च होते. अर्ध्या तासाचा घाम एका पाकिटात भरून निघतो. आता सांगा, केवळ कवायतीने वजन आटोक्यात आणू म्हणणाऱ्याला हा हिशोब कसा जुळवता येईल? वजनाचा प्रश्न मुख्यतः ताटातला आणि टपरीवरचा आहे. तो मैदानावर सोडवायला गेलो की सहा महिन्यांनी काटा हलत नाही आणि मग ‘खेळूनही फरक पडला नाही’ म्हणून ती तासिका गणिताला दिली जाते.

मग खेळ हवा कशाला? याचे उत्तर पुण्याजवळच्या सहा गावांतून आले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्या गावांतल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. वजनात एवढी तफावत, पण ती शरीरभर सारखी नव्हती. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान, कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून. दिसायला काटकुळे, आतून चरबीचे. याच याज्ञिकांचा जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याबरोबरचा एक फोटो वैद्यकीय जगात गाजला: दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक (बीएमआय, उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २२.३, पण चरबी एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची, म्हणजे आपल्या डॉक्टरांची, २१.२ टक्के.

दिल्लीत जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, तो तर वजनकाट्याचा पराभवच म्हणावा लागेल. तिशीच्या आसपास ज्यांना मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते, पुढे त्यांचे वजन वेगाने चढत गेले, पण बाराव्या वर्षी त्यांपैकी एकही लठ्ठ नव्हता. शाळेच्या आरोग्य तपासणीत या सगळ्यांच्या कार्डावर काहीही शेरा पडला नसता. अशा मुलाला खेळाचा फायदा वजन घटण्यात दिसत नाही. तो स्नायू वाढण्यात, हाडे भरण्यात, रक्तातली साखर उचलण्याच्या स्नायूंच्या ताकदीत दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शिफारशींत ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडांना ताण देणारी हालचाल सांगितली आहे, ती सर्वच मुलांसाठी. काटकुळ्यांना सूट दिलेली नाही.

बरे, ज्या काट्यावर हा सारा वाद चालला आहे, तो तरी भरवशाचा आहे का? दहा वर्षांचा मुलगा घ्या, वजन २४ किलो, उंची १३० सेंटिमीटर. निर्देशांक १४.२. या वयाच्या मुलग्यांसाठी कृशपणाची रेषा १३.७ आहे, म्हणजे तो रेषेच्या वर. आता भिंतीवर टेप डकवताना त्याचे टोक फरशीपाशी दुमडले गेले, पायात चपला तशाच राहिल्या, आणि उंची १३३ भरली. निर्देशांक १३.६, मुलगा ‘कृश’. तीन सेंटिमीटरची चूक होणे अगदी सोपे असते. टाचा, ढुंगण आणि खांदे भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून, डोक्यावर पट्टी नव्हे तर काटकोनी फळी धरायची असते आणि मुलींचा अंबाडा सोडायचा असतो. एका दिवसात दोन शाळा उरकायच्या असलेल्या पथकाला एवढी सवड कुठली? त्यात वयाचा घोळ. दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. नाव घालताना वय बसवण्यासाठी गुरुजींनी लावलेली तारीख. जन्मदाखले आल्यावर हे कमी झाले, पण ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत अजून संपलेले नाही. वर सांगितलेला मुलगा खरे तर नऊच वर्षांचा असेल तर त्याची रेषा १३.५ वर येते आणि त्याच चुकीच्या उंचीवरही तो पुन्हा ठीक ठरतो. शंभर मुलांची सरासरी काढायला हे माप चालते. एका मुलाला वर्गासमोर ‘जाड्या’ किंवा ‘कुपोषित’ ठरवायला चालत नाही.

‘गावातली मुले दिवसभर हिंडतातच की’ हा युक्तिवाद आता जरा जवळून पाहू. पूर्वी तो बराच खरा होता. आज पटसंख्या घटल्याने वाडीवरच्या शाळा बंद होऊन मुले मोठ्या शाळेला जोडली जात आहेत. अंतर वाढले की पायी जाणे थांबते आणि जीप किंवा एसटी सुरू होते. मानव विकास कार्यक्रमातल्या एसटी बस मुलींसाठी वरदानच ठरल्या, त्यांनी आठवीनंतरची गळती रोखली. पण रोजची चाल त्यांच्याबरोबर गेली आणि तिची भरपाई शाळेने करायची असते हे कुणाच्या वेळापत्रकात आले नाही. सायकल योजना या बाबतीत उजवी म्हणायची. आणि हिंडणे म्हणजे नेमके काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या मुलांची माहिती एकत्र केली. जगभरात ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करत नव्हती. भारतीय मुलींत हे प्रमाण ७२ टक्के, म्हणजे इतर देशांपेक्षा बरे. का बरे? संशोधकांनी अंदाज केला तो घरकामाचा. हंडे, सरपण, झाडलोट, धाकट्या भावंडाला काखेला मारणे. यालाच ‘आपली मुले सक्रिय आहेत’ म्हणून पाठ थोपटून घ्यायची का? डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या मुलीची ऊर्जा खर्च होते, मानेवर ताण येतो, पण तिला धावता येत नाही, उडी मारता येत नाही, हरता-जिंकता येत नाही. शिवाय १० ते १९ वयाच्या ४० टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे त्याच राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दिसले होते. अशा मुलीला दोन फेऱ्यांत धाप लागते, ती कडेला बसते आणि ‘तिला आवडच नाही’ असा शिक्का बसतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी हे खरे तर मैदानाचे साहित्य आहे. ती उपाशीपोटी दिली की मळमळते, मग मुली ती खिडकीबाहेर टाकतात.

तासिका वेळापत्रकात असते, हे खरे. पण ३५ मिनिटांत प्रत्यक्षात काय होते? रांग लावणे, हजेरी, सावधान-विश्राम यांत दहा-बारा मिनिटे. कपाटाची किल्ली शोधून साहित्य काढणे, परत ठेवणे, हातपाय धुऊन वर्गात बसणे यांत आणखी आठ. उरली पंधरा. ३६ मुले आणि एकच खो-खोचे मैदान. अठरा खेळणार, अठरा बघणार. खेळणाऱ्यांतही पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊपैकी आठ बसलेले, एक उठलेला. बचावाचे तीन मैदानात, बाकीचे बाहेर. म्हणजे कुठल्याही क्षणी ३६ पैकी चार जण धावत आहेत. पंधरा मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला सरासरी एक मिनिट चाळीस सेकंदांची धाव आली. खो-खो हा खेळ म्हणून अव्वल आहे, १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्याने त्याला नियमांत बसवले तेव्हापासून महाराष्ट्राने तो जपला आहे. पण तो अठरा जणांचा सामना आहे. ३६ मुलांच्या वर्गाला तो एकटा पुरत नाही, आणि एकच चेंडू असलेला फुटबॉल तर त्याहून नाही.

याला उपाय महागडा नाही. वर्ग चार गटांत तोडायचा, नऊ-नऊ मुलांचा. फक्कीने चार चौकोन आखायचे, बाजू आठ-दहा पावलांची. एकात लंगडी, एकात साखळी, एकात विषामृत, एकात दोरीउड्या. दर सात मिनिटांनी शिट्टी आणि गट पुढच्या चौकोनात. लंगडीत धरणारा अर्ध्या-पाऊण मिनिटात बदलायचा आणि दुसऱ्या फेरीत पाय बदलायचा, नाहीतर एकाच पोटरीवर सगळा भार येतो. बाद झालेल्याने बाहेर बसायचे नाही, पाच उड्या मारून परत आत यायचे. आपल्या बऱ्याचशा खेळांत बाद होणारा आधी बसतो, आणि आधी बाद होतो तो सहसा दमणाराच असतो; ज्याला हालचालीची जास्त गरज तोच सर्वांत जास्त बसतो. दोऱ्या नऊ लागतात. दोरीच्या मध्यावर उभे राहिल्यावर टोके काखेपर्यंत यावीत, म्हणजे तीन मापांच्या तीन-तीन दोऱ्या केल्या की पहिली ते सातवी भागते. रांग आणि कवायत आठवड्यातून एकदाच. मूल बोलू शकते पण गाणे म्हणू शकत नाही इतका दम लागला, की हालचाल मध्यम झाली; दोन शब्दांवर बोलणे तुटले की जोरकस. शिक्षकाला यापलीकडे कुठले यंत्र लागत नाही.

वेळेची चूक मात्र जवळजवळ सर्वत्र सारखी आहे. खेळाची तासिका दिवसाची शेवटची ठेवतात आणि एसटीने जाणारी मुले तेव्हा दप्तर भरून थांब्याकडे बघत असतात. पहिली ठेवावी तर चहा-टोस्टवर आलेल्या पोरांना चक्कर येते. खिचडीनंतर लगेच ठेवली तर पोटात कळा. साडेदहाच्या शाळेत खिचडी एकच्या सुमारास होत असेल तर तीनची वेळ उत्तम. मार्चपासून सकाळची शाळा लागली की मराठवाडा-विदर्भात नऊनंतर मैदान तापते, म्हणून तेव्हा खेळ पहिल्याच तासाला आणि पूरक आहारातले केळे किंवा चिक्की शाळा भरताना हातात.

इथे ताटाचा प्रश्न येतोच. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. मिळून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने. सहावी ते आठवीला ७०० आणि २०. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यानुसार १० ते १२ वयाच्या मुलग्याला दिवसाला २२२० किलोकॅलरी आणि ३२ ग्रॅम प्रथिने लागतात. पाचवीतल्या मुलाची पाचव्या हिश्शाची ऊर्जा शाळेतून येते, बाकीचे घरावर सोडलेले. स्नायू वाढायचे तर प्रथिने हवीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्याला एक अंडे द्यायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करून शाळांना लोकसहभागाचा रस्ता दाखवला. एका हाताने सुदृढ बालकाचे फलक लावायचे आणि दुसऱ्या हाताने सहा ग्रॅम चांगली प्रथिने काढून घ्यायची, याला धोरण म्हणत नाहीत.

हा वाद पूर्वी एकदा झाला आहे, इंग्लंडमध्ये. बोअर युद्धाच्या भरतीत (१८९९ ते १९०२) गरीब वस्त्यांतले तरुण मोठ्या संख्येने नापास झाले आणि देश हादरला. पहिली प्रतिक्रिया ओळखीची वाटेल: १९०२ साली शाळांसाठी लष्करी धर्तीची कवायत आली. त्यावर टीकेची झोड उठली. १९०४ मध्ये शारीरिक ऱ्हासावरच्या समितीने अहवाल दिला आणि चर्चा अन्नाकडे व तपासणीकडे वळली. १९०६ मध्ये शाळेतल्या जेवणाचा कायदा झाला, १९०७ मध्ये वैद्यकीय तपासणीचा, आणि १९०९ च्या अभ्यासक्रमात कवायतीऐवजी व्यायाम-खेळ आले. उपाशी पोराला सावधान-विश्राम करायला लावून सैनिक होत नाही हे साम्राज्याला सात वर्षांत कळले. आपल्याकडे तर हे आधीच ठाऊक होते. कोल्हापूरच्या तालमीत जोर-बैठका आणि खुराक हे दोन वेगळे विषय कधी नव्हते. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. ती मातीची परंपरा व्यायामाबरोबर दूध-बदामाचाही हिशोब ठेवणारी होती. शाळेने त्या परंपरेतून घोषणा उचलल्या, खुराक उचलला नाही.

राहिला शिक्षकांचा आक्षेप, आणि तो रास्त आहे. दोन शिक्षकी शाळेत एक जण मतदार यादीच्या कामावर, दुसरा ऑनलाइन माहिती भरतोय, वर खिचडीची नोंद. खेळ घ्यायचा कुणी? शिक्षण हक्क कायद्यात आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीला आणि शंभरांहून जास्त पट असेल तिथे. गावातल्या बहुतेक शाळा त्या उंबरठ्याच्या अलीकडेच राहतात. पटाची अट काढून केंद्रामागे (केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) एक निदेशक दिला तर तो आठवड्याला पाच-सहा शाळांत एकेक दिवस जाऊ शकतो. उरलेले दिवस चार चौकोनांचा खेळ सातवीतली मुले एका शिक्षकाच्या देखरेखीखाली चालवू शकतात, कारण त्यांत नियम थोडे आणि भांडणे कमी. मैदानाचे मात्र ग्रामपंचायतीला ठरवावे लागेल. त्याच कायद्यात शाळेला मैदान असणे बंधनकारक आहे, आणि तेच मैदान आठवडी बाजाराला, लग्नाच्या मांडवाला, पाण्याच्या टाकीला आणि रात्री ट्रॅक्टर लावायलाही लागते. मांडवाचे खिळे आणि फुटलेल्या बाटल्या सोमवारी मुलांच्या पायात जातात. वापरायला द्यायचेच असेल तर भाडे घ्या आणि त्यातून दरवर्षी पावसाळ्यानंतर बारीक मुरूम टाकून रोलर फिरवा. जाड मुरमावर पडले की गुडघे सोलतात आणि तिसऱ्या दिवशी मुली खेळायला नको म्हणतात. मुलींना खेळाच्या दिवशी ट्रॅकपँट चालेल, ओढणी लागणार नाही, एवढे पालकसभेत एकदा ठरवून टाकले आणि शौचालयात पाणी असले, तर आठवीतली निम्मी ‘नावड’ जागेवर जाते.

आणि मोजायचेच असेल तर मोजण्यासारखे आहे. खेलो इंडियाच्या तंदुरुस्ती चाचणीत नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी ६०० मीटर धावणे-चालणे आहे. ३० बाय २० मीटरच्या चौकोनाला सहा फेऱ्या मारल्या की ६०० मीटर होतात. जुलैत पावसाची उघडीप बघून एकदा आणि फेब्रुवारीत एकदा, घड्याळ लावून वेळ वहीत. तुलना मुलाची त्याच्याच आधीच्या वेळेशी. वेळ सुधारली नाही तर आधी गोळ्या, जंतनाशक आणि न्याहारी तपासायची. वजन-उंची पथकाला घेऊ द्या, पण आकडे मोठ्याने न पुकारता. आणि ही चाचणी मैदानावरच घ्यायची. कार्यालयात बसून ॲपमध्ये अंदाजे वेळा भरल्या की सगळी शाळा एकाच वेगाने धावलेली दिसते.